वांतीवरील विजय आणि उरलेली मळमळ

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात डॉ. ॲलन कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगावर रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला. ह्या उपचारात तुम्हांला सर्वांत अधिक छळते ते काय? उत्तर देणे सोपे जावे म्हणून त्यांनी पुष्कळशी कार्डे तयार केली होती आणि प्रत्येक कार्डावर एकेक त्रास लिहिला होता. त्यांत शरीराचे त्रास होते, तसेच मनाचे आणि संसाराचेही होते. आपल्याला लागू पडणारी कार्डे वेचून रुग्णाने ती त्रासाच्या उतरत्या क्रमाने लावावयाची होती. ह्या पाहणीचा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत वर वांतीचे कार्ड होते. त्याखाली मळमळीचे, आणि तिसरे केस गळण्याचे.

ज्यांच्या डोक्यावर मरणाची छाया होती त्या माणसांनी वांतीला पहिला क्रमांक द्यावा, ह्याचे निरोगी माणसाला नवल वाटेल. एकदा ओकारी होऊन गेली की माणूस चूळ भरतो, घटकाभर पडतो आणि मोकळा होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु त्या काळच्या रसायनोपचारातील वांती एकदा होऊन जाणारी नव्हती. ती तासामागून तास चाले. पोटातले अन्न संपे, पाणी संपे, पित्त संपे आणि मग नुसते कोरडे उमासे राहत. दोन दिवसांनी माणूस कसाबसा उठून बसे, थोडे अन्न गोड लागू लागे, तोच पुढच्या उपचाराची तारीख येऊन ठेपे. असे सहा वेळा, आठ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा.

ह्या उपचाराचा जन्म १९४२ सालचा. म्हणजे सिडनीतील ती कार्डे रुग्णांच्या हाती पडेपर्यंत चाळीस वर्षे उलटून गेली होती. ह्या चाळीस वर्षांत ह्या यातनेकडे दुर्लक्ष का झाले, तिच्याकडे लक्ष गेल्यावर काय घडले, आणि तिच्यातील कोणता भाग अद्याप शिल्लक आहे, हे वैद्यकाच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण आहे.

ज्याला आज घरोघर केमोथेरपी म्हणतात, तिचे मूळ युद्धातील विषारी वायूत आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने होरपळलेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिल्मन हे दोघे औषधशास्त्रज्ञ ह्या वायूच्या भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, गुप्तपणे संशोधन करीत होते. ज्या विषाने निरोगी पांढऱ्या पेशी मरतात, त्याने पांढऱ्या पेशींचा कर्करोगही मरेल काय, हा त्यांचा प्रश्न. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात एका रुग्णाला हे द्रव्य शिरेतून देण्यात आले आणि मानेतील व काखेतील गाठी थोड्याच दिवसांत विरघळल्या. गाठी पुन्हा आल्या आणि रुग्ण वाचला नाही. तथापि औषधाने कर्करोग मागे हटू शकतो, हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तेथील एका अमेरिकन जहाजावर मस्टर्डचे बॉम्ब लपवून ठेवलेले होते. त्या दुर्घटनेतील मृतांच्या तपासणीतही पांढऱ्या पेशींचा तोच ऱ्हास आढळला. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, हे संशोधन उजेडात आले. १९४८ साली बॉस्टनचे सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांवर ॲमिनोप्टेरिन ह्या द्रव्याचे प्रयोग करून तात्पुरता का होईना, गुण येतो असे दाखविले. ते द्रव्य ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र.

ह्या औषधांच्या जन्मातच वांतीचे बीज होते. नायट्रोजन मस्टर्ड टोचल्यावर काही तासांतच बहुतेक रुग्णांना वांत्या सुरू होत. त्यावर त्या वेळचा उपाय म्हणजे औषध संध्याकाळी द्यावयाचे आणि रुग्णाला झोपेचे औषध देऊन गुंगीत ठेवावयाचे. रोग प्राणघातक आहे, औषध विषारी आहे, तेव्हा पोट ढवळावयाचेच. एवढ्याशा त्रासाने खचून कसे चालेल, असा समजुतीचा सूर असे. डॉक्टर निर्दय होते असे नव्हे. ज्याच्या हाती रुग्णाचे प्राण वाचविण्याचे साधन नव्हते, त्याला प्राणांपुढे दुसरे काही दिसत नव्हते. वांती ही बरे होण्याची किंमत ठरली, आणि किंमत म्हटली की ती निमूटपणे मोजावयाची, हे ओघानेच आले.

पण १९६० नंतर परिस्थिती पालटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधे एकत्र करून हॉजकिनच्या रोगावर दिली, आणि पूर्वी ज्या अवस्थेतील रोगी हमखास दगावत त्यांपैकी सुमारे निम्मे कायमचे बरे होऊ लागले. ह्या चार औषधांत नायट्रोजन मस्टर्ड होतेच. आता प्रश्न नुसत्या सोसण्याचा उरला नाही. ठरलेल्या सर्व फेऱ्या, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी पूर्ण केल्या तरच रोग बरा होणार होता. आणि वांत्यांना कंटाळून काही रुग्ण अर्ध्या वाटेतच उपचार सोडून देत होते. बरे होण्याची शक्यता हाताशी असलेला माणूस वांतीपायी ती शक्यता दूर लोटतो, तेव्हा वांती हाही प्राणांचाच प्रश्न होतो.

वांती मुळात का होते, हे शास्त्रज्ञांना तोवर बरेचसे उमगले होते. १९४९ ते १९५३ ह्या काळात एस. सी. वँग आणि हर्बर्ट बोरिसन ह्या अमेरिकेतील दोन संशोधकांनी कुत्री व मांजरे ह्यांवर प्रयोग करून मेंदूतील वांतीची यंत्रणा उलगडली. मेंदूच्या बुडाशी, त्याच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी, एक चिमुकला भाग आहे. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये निसर्गाने जो पडदा उभारला आहे, तो ह्या ठिकाणी नाही. त्यामुळे रक्तातून वाहणारे कोणतेही विष ह्या भागाला तत्काळ कळते. गावाच्या वेशीवरील नाकेदाराने आत येणाऱ्या गाड्या तपासाव्या, तसा हा भाग रक्त तपासत असतो. आणि विषाचा सुगावा लागताच पोट रिकामे करण्याचा हुकूम सुटतो. हा भाग शस्त्रक्रियेने नष्ट केला असता अपोमॉर्फीनसारख्या हमखास वांती आणणाऱ्या द्रव्यानेही वांती होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

ही व्यवस्था मोठी हितकारक आहे. रानातील विषारी फळ खाल्ले तर ते पचण्याआधी बाहेर पडावे, ही तिची योजना. परंतु कर्करोगाचे औषध तोंडावाटे पोटात जात नाही. बहुधा ते सुईवाटे शिरेत जाते. शरीराला हा भेद कळत नाही. विष आले शिरेतून, आणि शरीर ते बाहेर काढू पाहते पोटातून. म्हणूनच ही वांती कितीही झाली तरी सुटका होत नाही. राखणदार इमानी आहे, पण तो चुकीच्या दाराशी झगडतो आहे.

वांतीवरील पहिले खरे औषध अनपेक्षित वाटेने आले. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्ये पॉल शार्पांतिए ह्यांनी क्लोरप्रोमाझिन हे द्रव्य तयार केले. १९५२ पासून मनोविकारांच्या उपचारात त्याने क्रांती घडविली. तेच द्रव्य मेंदूतील त्या नाकेदारालाही शांत करते, असे दिसून आले. त्याच कुळातील प्रोक्लोरपेराझिन हे औषध ‘स्टेमेटिल’ ह्या नावाने पुढे आपल्याकडेही घरोघर परिचित झाले. सौम्य रसायनोपचारात ह्या औषधांचा काहीसा उपयोग होई. पण ती बहुधा त्रास सुरू झाल्यावर दिली जात, आणि ओकणाऱ्या माणसाच्या पोटात गोळी ठरणार तरी कशी?

त्यातच सिसप्लाटिन अवतरले. मिशिगन राज्य विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या क्षेत्राचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू दुभंगून वाढावयाचे थांबले आणि लांबच लांब दोऱ्यांसारखे झाले. बारकाईने शोध घेता ती करामत विजेची नसून विजाग्रांतील प्लॅटिनमच्या संयुगांची आहे, असे आढळले. हे १९६५ सालचे. ह्यातूनच सिसप्लाटिन हे औषध निघाले आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ऐन विशी-तिशीतील पुरुषांना होणारा वृषणाचा कर्करोग शरीरभर पसरला की पूर्वी बहुधा मृत्यूच ओढवे. इंडियाना विद्यापीठाचे लॉरेन्स आइनहॉर्न ह्यांनी १९७४ पासून सिसप्लाटिनचा समावेश असलेला उपचार दिला आणि अशा रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. परंतु सिसप्लाटिनएवढी वांती आणणारे औषध त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिले होते. प्रतिबंधक उपाय न केल्यास शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्णांना वांती होणारच. जगविणारे औषध हाती आले, पण ते घेववेना.

उपायाचा पहिला धागा रुग्णांकडूनच मिळाला. अमेरिकेतील काही तरुण रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना सांगितले की उपचारापूर्वी गांजा ओढला तर वांत्या कमी होतात. बॉस्टनच्या स्टीफन सॅलन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सांगण्याला हसण्यावारी नेले नाही. गांज्यातील मुख्य द्रव्याची त्यांनी रीतसर चाचणी घेतली आणि १९७५ साली त्याचा गुण येतो असे प्रसिद्ध केले. गुंगी, भ्रम इत्यादी दुष्परिणामांमुळे हा मार्ग सर्वांना सोयीचा ठरला नाही; अमेरिकेत त्या कुळातील दोन औषधांना १९८५ मध्ये मान्यता मिळाली एवढेच. परंतु रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले आणि ते तपासले, ही गोष्ट औषधापेक्षा मोठी होती.

दुसरे पाऊल न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयातील रिचर्ड ग्रॅला ह्यांनी टाकले. मेटोक्लोप्रामाइड हे औषध फ्रान्समध्ये १९६४ च्या सुमारास पुढे आले होते आणि पोटाच्या तक्रारींवर थोड्या मात्रेत सर्रास दिले जात होते. ग्रॅला ह्यांनी ते नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत, शिरेतून, आणि सिसप्लाटिन देण्यापूर्वीच द्यावयास आरंभ केला व पुढे ठराविक तासांनी त्याची पुनरावृत्ती केली. ह्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी वांत्या मोजल्या. प्रत्येक रुग्णाला किती वेळा वांती झाली ह्याची नोंद ठेवली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, ज्यांना नुसतेच नावापुरते पाणी टोचले गेले त्यांच्या वांत्यांचे मध्यमान दहाच्या वर होते; ज्यांना मेटोक्लोप्रामाइड मिळाले त्यांचे एक. त्याच सुमारास डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही वांती रोखते असे आढळले आणि दोन्हींची जोडी देण्यात येऊ लागली.

येथे वैद्यकाची दृष्टीच बदलली. वांती झाल्यावर औषध शोधण्याऐवजी ती होण्याआधीच बंदोबस्त करावा, हे तत्त्व रुजले. नदीला पूर आल्यावर बांध घालता येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रुग्णालयाला ते कळावयास चाळीस वर्षे लागली. मेटोक्लोप्रामाइडचे दुष्परिणामही होते. विशेषतः तरुण रुग्णांची मान एकाएकी वाकडी होई, जबडा आवळे, डोळे वर फिरत. सोबतच्या नातेवाइकांचा थरकाप होई. त्यावर उतारा होता, पण ह्याहून चांगले काही हवे हे उघड होते.

ह्याच काळात आणखी एका चमत्कारिक प्रकाराकडे लक्ष गेले. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर काही रुग्णांना औषध टोचण्याच्या आधीच वांती होऊ लागे. कोणाला रुग्णालयाची पायरी चढताच, कोणाला जंतुनाशकाच्या वासाने, तर कोणाला आदल्या रात्री नुसत्या विचारानेच. रशियाचे पाव्हलॉव्ह ह्यांनी घंटेच्या आवाजासरशी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते असे दाखविले होते, त्याच जातीचा हा प्रकार. असल्या रुग्णाला मनाने दुबळे ठरविणे अन्यायाचे होते. त्याच्या शरीराने एक धडा गिरविला होता, इतकेच. अमेरिकेतील गॅरी मॉरो ह्यांनी अशा रुग्णांना स्नायू सैल सोडावयास शिकवून, मग उपचाराचे प्रसंग हळूहळू मनासमोर आणावयास लावले आणि त्यामुळे हा त्रास कमी होतो असे १९८२ साली दाखविले. तरी सर्वांत खात्रीचा उपाय एकच ठरला. पहिल्या फेरीतच वांती होऊ द्यावयाची नाही; म्हणजे शरीराला तो धडा गिरविण्याची संधीच मिळत नाही.

मोठ्या मात्रेतील मेटोक्लोप्रामाइडने एक कोडेही मागे ठेवले होते. ते औषध मेंदूतील डोपामिन ह्या द्रव्याचा संदेश अडविते, हे ठाऊक होते. पण डोपामिनला त्याच्याहून प्रभावीपणे अडविणारी इतर औषधे सिसप्लाटिनपुढे हात टेकत. मग मोठ्या मात्रेत हे औषध आणखी काय अडवीत होते? ह्याचे उत्तर सेरोटोनिनमध्ये मिळाले. सेरोटोनिन हे द्रव्य १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रक्तातून वेगळे काढण्यात आले होते. एडिंबरोचे जॉन गॅडम आणि त्यांच्या सहकारी पिकारेली ह्यांनी १९५७ साली गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून, सेरोटोनिनचा संदेश झेलणारी केंद्रे दोन प्रकारची असतात, असे दाखविले होते. त्यांपैकी एका प्रकाराला मेटोक्लोप्रामाइड दुबळेपणाने का होईना, अडविते असे पुढे लक्षात आले. तेव्हा केवळ त्याच प्रकाराला नेमकेपणाने अडविणारी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांनी घडविली.

ती तपासावयाची कोणावर, हाही प्रश्नच होता. प्रयोगशाळेतील उंदीर येथे निरुपयोगी, कारण उंदराला वांती होतच नाही. म्हणून मुंगसाच्या चणीचा, युरोपात पाळला जाणारा फेरेट हा प्राणी निवडला गेला. सिसप्लाटिनने त्याला माणसाप्रमाणेच वांती होते. १९८६ साली माइनर आणि सँगर ह्या इंग्लंडमधील संशोधकांनी असे एक द्रव्य टोचून फेरेटची वांती थांबविल्याचे जाहीर केले. ब्रॅडफर्ड येथील संशोधकांच्या हातीही त्याच सुमारास तेच लागले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रुग्णांवर पहिल्या चाचण्या झाल्या. ह्या औषधांपैकी ऑन्डानसेट्रॉन हे ब्रिटनमध्ये १९९० साली आणि अमेरिकेत १९९१ साली उपलब्ध झाले.

त्याबरोबर वांतीचे चित्रही पूर्ण झाले. शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे नव्वद टक्के आतड्याच्या अस्तरातील काही खास पेशींत साठविलेले असते. सिसप्लाटिनचा मारा होताच ह्या पेशी ते ओतून देतात. तेथून व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूवाटे मेंदूकडे तार जाते. वेशीवरचा नाकेदार जागा होताच, पण धोक्याची मोठी हाक आतड्यातूनच उठत होती. ऑन्डानसेट्रॉन ही तार वाटेतच तोडते. त्याने मान वाकडी होत नाही, फारशी गुंगी येत नाही. डोके दुखणे आणि बद्धकोष्ठ एवढेच त्याचे सामान्य त्रास. त्याला डेक्सामेथासोनची जोड दिली की पहिल्या चोवीस तासांतील वांती बहुसंख्य रुग्णांत थांबू लागली. ज्या उपचारासाठी पूर्वी रात्रभर भांडे हाती धरून बसावे लागे, तो उपचार घेऊन रुग्ण संध्याकाळी घरी परतू लागले.

तरीही घरी परतल्यावर काय होते, हा प्रश्न राहिलाच. सिसप्लाटिननंतरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळतो आणि अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान तीव्र होतो, असे मार्क क्रिस आणि ग्रॅला ह्यांनी १९८५ साली नोंदविले होते. ह्या उशिराच्या वांतीवर सेरोटोनिन अडविणारी औषधे पुरी पडत नव्हती. तिचा दूत निराळा होता, आणि त्याचा इतिहास त्याहूनही जुना. १९३१ साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑइलर हा स्वीडिश तरुण आणि जॉन गॅडम ह्यांनी घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून एक अनोळखी द्रव्य मिळविले होते. त्याला ‘पी’ एवढेच नाव पडले. सेरोटोनिनच्या केंद्रांचा छडा लावणारे तेच हे गॅडम. ‘पी’ द्रव्याची घडण सुसान लीमन आणि मायकेल चँग ह्यांनी उकलली ती १९७१ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्याचा संदेश अडविणारी औषधे प्रथम वेदनेवर आणि खिन्नतेवर चालतील अशी आशा होती. ती फळाला आली नाही. वांतीवर मात्र ती लागू पडली. ॲप्रेपिटंट हे त्यांतील पहिले औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले. आधीच्या दोन औषधांना त्याची जोड दिली असता वांतीपासून पूर्ण मुक्त राहणाऱ्यांची संख्या, पाच दिवसांचा हिशेब घेता, दर शंभरामागे सुमारे वीसने वाढली.

येथवरची कहाणी यशाची आहे. पण सिडनीतील ती कार्डे १९९३ साली पुन्हा मांडली गेली, तेव्हा उत्तर बदललेले होते. वांतीचे कार्ड पहिल्या तिघांतून खाली घसरले होते. पहिल्या जागी मळमळ होती. त्याखाली सततचा थकवा, आणि मग केस गळणे. एका यातनेची उचलबांगडी झाली होती, आणि तिची बहीण तिच्या जागी येऊन बसली होती.

असे का व्हावे? वांती डोळ्यांना दिसते. परिचारिका ती मोजू शकते, तक्त्यावर लिहू शकते. औषधांच्या बहुतेक चाचण्यांत यशाची कसोटी धरली गेली ती वांती न होण्याची. मळमळ मात्र आतल्या आत असते. ती असलेला माणूस भिंतीकडे तोंड करून स्वस्थ पडलेला दिसतो. त्याला आराम पडला असावा, असेच पाहणाऱ्याला वाटते. २००४ साली स्टीव्हन ग्रनबर्ग ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत डॉक्टर आणि परिचारिकांना, तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना असा त्रास होईल, असे आधी विचारून मग रुग्णांच्या रोजनिशीशी त्यांची उत्तरे ताडून पाहिली. घरी गेल्यानंतरच्या दिवसांतील त्रास तीन-चतुर्थांशांहून अधिक डॉक्टर-परिचारिकांनी कमी लेखला होता. रुग्णालयात दिसला नाही तो त्रास त्यांच्या लेखी घडलाच नव्हता.

मळमळीवर ज्याचा खरा उपयोग दिसला ते औषध पुन्हा मनोविकारांच्याच दालनातून आले. ओलान्झापिन हे १९९६ सालापासून स्किझोफ्रेनियासाठी वापरले जाणारे औषध. अमेरिकेतील रुडॉल्फ नवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, प्रचलित तीन औषधांना त्याची जोड दिली. पहिल्या दिवशी मळमळ मुळीच न झालेले रुग्ण शंभरात ४५ वरून ७४ वर गेले. पाचही दिवसांचा विचार करता मात्र हा आकडा २२ वरून ३७ वर आला. म्हणजे चार-चार औषधे दिल्यानंतरही शंभरातील त्रेसष्ट जणांना केव्हा ना केव्हा मळमळीला तोंड द्यावे लागलेच. यश आहे, पुरे यश नाही.

ह्या औषधाची दहा मिलिग्रॅमची मात्रा घेतली की दुसरा दिवस पेंगण्यात जातो, ही तक्रार होती. तिचा विचार झाला तो मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. १९४१ साली स्थापन झालेले हे रुग्णालय. बेळगाव, गोवा, इंदूर अशा दूरदूरच्या गावांहून रुग्ण येथे येत आले आहेत. येथील डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच मिलिग्रॅम आणि दहा मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना केली. लहान मात्रा गुणाला कमी पडत नाही आणि झोपाळूपणा पुष्कळच कमी होतो, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णाला उपचार घेऊन आगगाडीने किंवा एस. टी.ने परगावी परतावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. त्रास ऐन भरात येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर रुग्णालय मागे पडलेले असते आणि जवळ असते ती घरची माणसे व औषधांची पुडी.

म्हणून ह्या इतिहासाचा शेवटचा भाग रुग्णालयात नव्हे, घरात घडावयाचा आहे. आज प्रत्येक औषध किती वांती आणते ह्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यांनुसार आधी द्यावयाची औषधेही ठरलेली आहेत. स्त्रियांना, तरुणांना, तसेच बस लागणाऱ्यांना आणि गरोदरपणी डोहाळ्यांच्या ओकाऱ्यांनी बेजार झालेल्यांना हा त्रास अधिक संभवतो, हेही ज्ञात आहे. पण गाडी लागते की नाही, हे रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळावे कसे? घरी दिलेल्या गोळ्या बरे वाटते म्हणून मध्येच सोडल्या, तर दुसऱ्या दिवसाचा बंदोबस्त ढासळतो. आल्याचा तुकडा, लिंबाची फोड ह्यांनी कोणाला बरे वाटले तर वाटू द्यावे. आल्यावर चाचण्याही झाल्या आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ह्या गोष्टी त्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

आपल्याकडे आजारी माणसाने कुरकुर न करणे हा सद्गुण मानला जातो. आजी, काकू, मावशी ह्यांच्या पिढीला तर विचारले तरी ‘बरे आहे’ हेच उत्तर तोंडी बसलेले. घरच्यांना आणखी त्रास नको, डॉक्टरांचा वेळ नको, ह्या भावनेने मळमळ गिळली जाते, आणि पुढच्या फेरीला तेच औषध त्याच मात्रेत मिळते. मळमळ मोजण्याचे यंत्र निघालेले नाही. आज कर्करोग रुग्णालयांत वापरले जाणारे साधन अगदी साधे आहे: मुळीच नाही तर शून्य आणि असह्य असेल तर दहा, असा एक आकडा रुग्णाने सांगावयाचा. तो आकडा रोज लिहून ठेवला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवला, तर औषध बदलता येते. सिडनीच्या रुग्णांनी कार्डे लावली तेव्हाही त्यांनी एवढेच केले होते. त्यांनी सांगितले, आणि ते लिहून घेतले गेले.